दोन दिवस वर्गात, तीन दिवस घरात: टेक्ससमधल्या क्लासिकल ख्रिस्ती शाळेत मूल घालताना

डॅलस आणि फोर्टवर्थच्या मधोमध आर्लिंग्टन नावाचं शहर आहे. तिथे १९९३ साली ग्रेस प्रिपरेटरी अकॅडमी सुरू झाली आणि शाळेचा एक वेगळाच साचा अमेरिकेत रुजला. कॉलेजात ठरावीक दिवशी तास होतात आणि बाकीचा अभ्यास विद्यार्थी आपला आपण करतो. तीच रीत शाळेला लावायची, फक्त बाकीचा अभ्यास आईवडिलांनी करून घ्यायचा. म्हणून याला ‘युनिव्हर्सिटी-मॉडेल’ म्हणतात. लहान वर्ग बहुधा मंगळवारी आणि गुरुवारी भरतात. सातवी-आठवीपासून पुढे सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. इतर दिवशी मूल घरी असतं, पण त्याला सुट्टी नसते. बाईंनी लिहून दिलेला पाठ त्या दिवशी घरातल्या टेबलावर व्हावा लागतो.

पूर्ण वेळाच्या खासगी शाळेपेक्षा इथली फी कमी असते. त्याचं कारण साधं आहे: शिकवण्याचं निम्मं काम तुम्ही करणार असता. स्वस्तातली खासगी शाळा समजून आलेली कुटुंबं वर्षभरात परत फिरतात. घरचा दिवस हाच शाळेचा निम्मा भाग आहे हे धरून जी येतात, ती टिकतात. त्या भागात नव्याने राहायला आलेल्या आणि अशा शाळेचा विचार करणाऱ्या मराठी आईवडिलांनी पुढच्या गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

‘क्लासिकल’ म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

१९४७ साली ऑक्सफर्डमध्ये डोरोथी सेयर्स या लेखिकेने एक व्याख्यान दिलं. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांना मिळून ट्रिव्हियम म्हणत. सेयर्सबाईंनी त्या तीन विद्या मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जोडल्या. पहिला टप्पा पोपटाचा: ऐकलेलं पाठ करण्यात मुलाला आनंद वाटतो, अर्थ सगळा कळला नाही तरी चालतं. दुसरा उलट उत्तरं देण्याचा: मोठ्यांची चूक पकडण्यात गोडी वाटू लागते, तेव्हा तर्कशास्त्र हातात द्यायचं. तिसरा आपलं म्हणणं नेटकं मांडण्याचा. १९८१ साली आयडाहो राज्यातल्या मॉस्को या गावी लोगोस स्कूल याच विचारावर उभी राहिली, आणि आजच्या क्लासिकल ख्रिस्ती शाळा बऱ्याच अंशी त्या वाटेने आल्या. शाळांनी वयं थोडी पुढेमागे केली आहेत. साधारण सहावीपर्यंत ग्रामर, सातवी-आठवीत लॉजिक, नववीपासून ऱ्हेटरिक.

मराठीत ‘पोपटपंची’ हा शब्द चांगल्या अर्थाने येत नाही. इथे मात्र पहिली सहा-सात वर्षं पाठांतराचीच असतात आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. पाढे, पन्नास राज्यं आणि त्यांच्या राजधान्या, बायबलमधल्या सहासष्ट पुस्तकांची नावं क्रमाने, इतिहासातला सनावळ्यांचा पट, लॅटिनचे प्रत्यय हे सगळं तालावर, टाळ्या वाजवत म्हटलं जातं. ज्या घरात आजी-आजोबांनी संध्याकाळी परवचा म्हणून घेतला असेल, त्या घराला हे परकं वाटणार नाही.

एक गल्लत इथेच टाळा. ‘क्लासिकल कन्व्हर्सेशन्स’ नावाचाही एक कार्यक्रम आहे. तो १९९७ साली नॉर्थ कॅरोलायनात सुरू झाला. त्यात मुलं आठवड्यातून एक दिवस, वर्षात चोवीस आठवडे जमतात आणि कायद्याच्या दृष्टीने मूल होमस्कूलरच राहतं. अभ्यासक्रम, गुण, दाखला सगळं आईवडिलांच्या माथी. युनिव्हर्सिटी-मॉडेल शाळेत पुस्तकं, परीक्षा आणि गुणपत्रक शाळा सांभाळते. चौकशीचा पहिला प्रश्न हाच असू द्या: “मुलाची नोंद तुमच्या पटावर होते की आमच्या घरी?”

अर्जाआधी दोन आठवडे घरी करून बघा

उन्हाळ्यात सलग दोन आठवडे, आठवड्यातले तीन दिवस, घर शाळेसारखं चालवा. शाळेची पुस्तकांची यादी मागून घ्या आणि त्यातलं फक्त गणिताचं आणि वाचनाचं पुस्तक आणा, तेवढं पुरे. सकाळी साडेआठला बसायचं म्हणजे साडेआठलाच. पहिली-दुसरीच्या मुलाला दोन ते तीन तास लागतात आणि त्या पूर्ण वेळात मोठं माणूस शेजारी हवं. तिसरी ते सहावीला चार-पाच तास, त्यातले निम्मे तुमच्या नजरेखाली. सातवीपासून मुलाने बरंचसं एकट्याने करायचं असतं. तुम्ही सकाळी काम नेमून द्यायचं आणि दुपारी तपासायचं.

या दोन आठवड्यांत तुम्हाला दिवस पेलतो का हे बघा, मुलाची हुशारी जोखू नका. धाकटं भावंड त्या वेळात काय करतं? घरून नोकरी करणाऱ्याच्या मीटिंगा नेमक्या दहाला असतात का? दोघांच्याही पूर्ण वेळाच्या नोकऱ्या असतील आणि वेळ हलवता येत नसेल, तर ही शाळा घेऊ नका. जवळची पब्लिक स्कूल, म्हणजे सरकारी शाळा, मुलासाठी जास्त चांगली ठरेल.

एच-४ व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसामुळे आलेल्या, आईला किंवा वडिलांना घरी शिकवण्यासाठी कामाचा परवाना लागत नाही, कारण स्वतःच्या मुलाला शिकवणं ही नोकरी नव्हे. पण त्याच व्यक्तीला वर्षाच्या मध्यात ईएडी (कामाचा परवाना) मिळालं आणि नोकरी लागली, तर घरचे दिवस कोण बघणार हे आधीच ठरवून ठेवा. बऱ्याच शाळांच्या करारात घरी शिकवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. आजीकडे किंवा शिकवणीच्या बाईंकडे ते काम सोपवता येतं का, हे विचारून घ्या. काही शाळा ‘नाही’ म्हणतात.

अर्ज: श्रद्धा, लसी, चाचणी

अर्ज बहुधा हिवाळ्यात उघडतात आणि वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. प्रत्येक शाळेचं ‘स्टेटमेंट ऑफ फेथ’ म्हणजे श्रद्धेचं निवेदन असतं. ते सगळ्यात आधी, दोघांनी मिळून, शब्द न शब्द वाचा. शाळा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात आईवडिलांपैकी किमान एकाने त्या निवेदनावर सही करायची असते आणि आपल्या पास्टरचं पत्र जोडायचं असतं. दुसऱ्या प्रकारात कुटुंबाची श्रद्धा वेगळी असली तरी मूल घेतात, पण बायबलचा तास, चॅपल (शाळेतली सामुदायिक उपासना) आणि प्रार्थना सर्वांना सारख्याच असतात. हिंदू किंवा इतर धर्माच्या घराने दुसऱ्या प्रकारचीच शाळा शोधावी, आणि मुलाखतीत मोकळेपणी सांगावं की घरी गणपती बसतो, दिवाळी असते. पटत नसलेल्या कागदावर सही करून मुलाला रोज दोन तोंडांनी बोलायला लावू नका. लहान मुलावर त्याचं फार ओझं येतं.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांची अडचण निराळी. गावाकडच्या चर्चचं पत्र चालेल का, की इथल्या मंडळीचं सभासदत्व हवं, ते विचारा. आणि एक बारीक गोष्ट: पाठांतराची वचनं शाळेने ठरवलेल्याच इंग्रजी भाषांतरातली लागतात. घरात पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल असेल तर जरूर वाचा, मुलाला अर्थ त्यातूनच नीट कळेल. पण पाठ करून घ्यायचं ते शाळेच्या प्रतीतूनच. शब्द बदलला की गुण जातात.

लसींच्या नोंदीचं भिजत घोंगडं ठेवू नका. टेक्ससमध्ये खासगी शाळांनाही लसीकरणाचे नियम लागू आहेत. त्यात हिपॅटायटिस ए आणि कांजिण्या या दोन्हींच्या लशींचे दोन-दोन डोस येतात. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात या दोन्ही लशी नाहीत. खासगी डॉक्टरकडे दिल्या असतील तर तारखांसकट कार्ड हवं. हिपॅटायटिस ए च्या दोन डोसांत किमान सहा महिन्यांचं अंतर लागतं, म्हणून ऑगस्टसाठी जानेवारीतच सुरुवात करा.

प्रवेश चाचणीत मोठ्याने वाचन, गणित आणि एक परिच्छेद लिहिणं असतं. भारतातून आलेलं मूल गणितात पुढे आणि इंग्रजी लेखनात मागे असेल, तर शाळा एक वर्ग खाली बसवू शकते. त्याला हरकत घेऊ नका. चौथी-पाचवीत येणाऱ्या मुलाला मात्र लॅटिनचा एखाद्या वर्षाचा मागचा अभ्यास भरून काढावा लागतो. त्याचं पुस्तक मे महिन्यातच मागून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. टेक्ससमध्ये खासगी शाळेला सरकारी मान्यता सक्तीची नाही. १९९४ च्या लीपर खटल्यात टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने घरच्या शाळेलाही खासगी शाळा मानलं. अट एवढीच की वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि सुजाण नागरिकत्व हे पाच विषय लेखी अभ्यासक्रमातून खरोखर शिकवले जावेत. मूल पब्लिक स्कूलमध्ये असेल तर कोणत्या तारखेपासून काढतो आहोत ते लिहून मुख्याध्यापकांना ईमेल करा आणि प्रत जपून ठेवा. न कळवता काढलं तर गैरहजेरीची पत्रं घरी येतात. दुसऱ्या राज्यात नियम बदलतात. जॉर्जियात घरी शिकवणाऱ्यांना दर वर्षी १ सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावं लागतं आणि वर्षाचे १८० दिवस, रोज साडेचार तास भरावे लागतात. तिथे अशी शाळा निवडलीत तर तुमची गणना कशात होते हे शाळेकडून लेखी घ्या.

खर्च मोजताना ट्यूशन फीवर थांबू नका. नोंदणी फी, पुस्तकं, गणवेश, प्रयोगशाळेची फी, वार्षिक चाचणी हे सगळं वेगळं असतं आणि मोठ्या वर्गांत कॉलेजसारखी दर विषयाला फी लागते. ५२९ खात्यातून, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, शाळेच्या ट्यूशनसाठी २०१८ पासून मुलामागे वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत काढता येत होते. २०२६ पासून ही मर्यादा २०,००० आहे. टेक्ससने २०२५ मध्ये एज्युकेशन सेव्हिंग्ज अकाउंटचा, म्हणजे शिक्षणासाठी सरकारी पैसे देणाऱ्या खात्याचा, कायदा केला आहे. त्यातून खासगी शाळेसाठी पैसे मिळायचे तर शाळा अ‍ॅक्रेडिटेड, म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासून मान्य केलेली, लागते. आपली शाळा त्यात बसते का, ते शाळेच्या ऑफिसातच विचारा.

घरचा दिवस कसा चालवावा

आठवड्याचं असाइनमेंट शीट साधारण शुक्रवारी किंवा वीकेंडला येतं. रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं काढून ते छापा आणि प्रत्येक घरच्या दिवसासाठी एक फोल्डर करा. त्यात त्या दिवसाची पानं आधीच काढून ठेवा. सोमवारी सकाळी गणिताचं पान शोधण्यात गेलेली दहा मिनिटं मुलाचं लक्ष घेऊन जातात, आणि ते परत आणायला अर्धा तास लागतो.

तिसरी-चौथीचा एक दिवस असा जातो. साडेआठला पाठांतराची उजळणी, पंधरा मिनिटं, उभ्याने. मग लगेच गणित, कारण डोकं तेव्हा ताजं असतं. नवा धडा दहा मिनिटांत समजावायचा, उदाहरणं चाळीस मिनिटांत. नंतर खाणं आणि अंगणात एक चक्कर. मग स्पेलिंग आणि लेखन. एक दिवस शुद्धलेखन, म्हणजे बघून उतरवणं, दुसऱ्या दिवशी श्रुतलेखन. जेवणाआधी लॅटिन वीस मिनिटं. दुपारी इतिहास किंवा गोष्ट वाचून पुस्तक मिटायचं आणि मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. यालाच इथे ‘नॅरेशन’ म्हणतात. हे आधी मराठीत सांगू द्या. घटनांचा क्रम एकदा मराठीत बसला की इंग्रजीत लिहिताना मुलाला फक्त शब्द शोधावे लागतात, गोष्ट शोधावी लागत नाही.

तपासणी त्याच दिवशी करा. उत्तरांची वही तुमच्याजवळ ठेवा. चुकलेल्या उदाहरणापुढे फक्त टिंब द्या, बरोबर उत्तर लिहू नका. मुलाने स्वतः खोडून पुन्हा करायचं. बाईंकडे जाताना चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसली पाहिजेत, कारण गुरुवारचा तास कुठून सुरू करायचा हे त्यांना त्यावरूनच ठरवायचं असतं.

लॅटिनची भीती नको

लॅटिन आईवडिलांना येत नसतं, आणि शाळेलाही ते माहीत असतं. मराठी माणसाच्या हाती इथे एक मोठी गोष्ट आहे: विभक्ती. मेन्सा म्हणजे टेबल. वर्गात मुलं म्हणतात: मेन्सा, मेन्से, मेन्से, मेन्साम, मेन्सा, मेन्से, मेन्सारुम, मेन्सीस, मेन्सास, मेन्सीस. पहिली पाच एकवचनं, पुढची पाच अनेकवचनं. क्रम असा: प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया आणि पाचवी अ‍ॅब्लेटिव्ह. या शेवटच्या एकाच रूपात आपली तृतीया, पंचमी आणि बऱ्याचदा सप्तमीही सामावते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला शब्दाचं शेपूट बदलून अर्थ बदलतो हेच आधी पटवावं लागतं. तुमचं मूल घरी ‘टेबल, टेबलाचं, टेबलाला, टेबलावरून’ रोज बोलतं. पहिल्याच आठवड्यात हे दोन तक्ते शेजारी शेजारी कागदावर मांडून भिंतीला लावा.

चूक होते ती उच्चारात. लॅटिनचे दोन उच्चार चालतात, चर्चचा आणि प्राचीन रोमचा. सीझरचं प्रसिद्ध वाक्य चर्चच्या उच्चारात ‘व्हेनी, व्हीदी, व्हीची’ होतं आणि रोमच्या उच्चारात ‘वेनी, वीदी, वीकी’. वरचं ‘मेन्से’ हे चर्चच्या उच्चारातलं, रोमच्या उच्चारात ते ‘मेन्साय’ होईल. शाळा एक शिकवते आणि इंटरनेटवर सापडलेला व्हिडिओ दुसरा, मग मूल वर्गात अडखळतं. शाळेनेच दिलेलं ध्वनिमुद्रण लावा, दुसरं नको.

घोडं पेंड कुठे खातं

सगळ्यात जास्त घात होतो तो घरच्या शंभर टक्क्यांनी. घरचं काम नेहमी पूर्ण गुणांचं आणि वर्गातल्या चाचणीत साठ, असं दोन-तीनदा झालं की समजावं, शेजारी बसलेलं मोठं माणूस सूचना देतंय. उपाय म्हणून शेवटची पाच उदाहरणं मुलाने एकट्याने, तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना करायची.

दुसरा गोंधळ पद्धतीचा. वजाबाकीत हातचा खालच्या आकड्यात मिळवायची जुनी रीत काही घरांत अजून शिकवतात; इथे वरचा आकडा खोडून एकने कमी करतात. उत्तर तेच येतं, पण वर्गात मूल दोन्ही रीती एकत्र करतं आणि चुकतं. घरच्या दिवशी शाळेचीच रीत वापरा. पाढ्यांचंही तसंच. ‘बे दुणे चार’ म्हणत पाढे पाठ झालेलं मूल वेळ लावून घेतलेल्या गुणाकाराच्या पेपरात मनातल्या मनात भाषांतर करत बसतं. मराठी पाढे विसरायला लावू नका. वेळेच्या पेपरापुरते तेच पाढे इंग्रजीत रोज पाच मिनिटं वेगळे म्हणून घ्या.

तिसरं, घरच्या दिवसावर बाकी सगळ्यांचा डोळा असतो. दाताचा डॉक्टर, कॉस्टको, पाहुण्यांना विमानतळावरून आणणं हे सगळं ‘आज तर घरीच आहात’ म्हणून त्या दिवशी येतं. घरच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, असा नियम करा आणि नातेवाइकांनाही सांगून ठेवा.

आणि न बोलता साचणारा थकवा. एकच व्यक्ती आई आणि बाई दोन्ही असते. गणितावरून वाद झाला की जेवणाच्या ताटावरही तोच विषय येतो. शक्य असेल तिथे विषय वाटून घ्या: वडिलांनी संध्याकाळी लॅटिनची उजळणी आणि इतिहासाचं वाचन, आईने सकाळचं गणित आणि लेखन, किंवा उलट. रविवारी मराठी शाळाही असेल, तर चौथीपर्यंत तिथला गृहपाठ शुक्रवारी संपवा. रविवारची संध्याकाळ फोल्डरांसाठी मोकळी हवी.

भारतात जायचं असेल तर

दोन दिवसांच्या शाळेत एक दिवस चुकला की निम्मा आठवडा जातो. ख्रिसमसच्या सुट्टीला पुढेमागे जोडून तीन आठवडे जादा घेतले, तर वर्गाचे सहा दिवस बुडतात. बऱ्याच शाळा ठरावीक गैरहजेरीनंतर त्या विषयाचे गुण रोखतात. तो आकडा हँडबुकमध्ये असतो, तिकिटं काढण्याआधी पाहा. बाईंना महिनाभर आधी लिहून कळवा आणि पानं मागा. बॅगेत फक्त गणिताचं पुस्तक, एक वाचनाचं पुस्तक आणि लॅटिनची कार्डं घ्या. पुण्यात किंवा कोल्हापुरात सकाळी नाश्त्याआधी एक तास बसवा. दुपारनंतर घर माणसांनी भरतं आणि अभ्यास होत नाही. इतिहास आणि विज्ञान परत आल्यावर भरून निघतं. गणित आणि लॅटिन तीन आठवडे बंद पडलं तर मार्चपर्यंत मूल मागेच राहतं.

नववीपासून, आणि परत फिरायचं ठरलं तर

नववीत गुणपत्रकाचं महत्त्व वाढतं. शाळेला अ‍ॅक्रेडिटेशन कुणाचं आहे, विज्ञानाची प्रयोगशाळा खरोखर आहे का, गेल्या दोन-तीन वर्षांची मुलं कोणत्या कॉलेजांत गेली, एवढं विचारा. कॉलेज-प्रवेशाच्या एसएटी परीक्षेबरोबर या शाळांत क्लासिक लर्निंग टेस्ट म्हणजे सीएलटीही घेतात. ती २०१५ पासून आहे आणि २०२३ पासून फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं ती स्वीकारतात. तुमच्या मनातलं कॉलेज ती घेतं का ते तपासा, नाहीतर एसएटी द्यावीच लागेल.

पुढच्या वर्षाची नोंदणी बहुधा फेब्रुवारीच्या आसपास मागतात, म्हणून निर्णय जानेवारीतच घ्या. ऑगस्टपासूनचे फोल्डर काढा आणि घरचे किती दिवस खरोखर पूर्ण झाले ते मोजा. दर आठवड्याला एखादा दिवस कोरा असेल, तर मुलाला पब्लिक स्कूलमध्ये परत न्या. आठवीपर्यंत हे सोपं असतं. शाळा चाचणी घेऊन वर्ग ठरवते. नववीनंतर मात्र आधीची शाळा अ‍ॅक्रेडिटेड नसेल, तर क्रेडिटसाठी, म्हणजे विषय पूर्ण झाल्याच्या नोंदीसाठी, विषयवार परीक्षा द्यायला लावू शकतात. त्यासाठी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, पुस्तकाचं नाव आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका पहिल्या दिवसापासून एका जाड फाइलमध्ये लावत जा.